सातवी नळी

डंडीतल्या त्या तळघराला खिडकी नव्हती.
टे नदीवर धुकं उतरलंय का
हे नेटा क्रायटनच्या केसांवरून कळायचं;
आत येताना ते ओले असत.

एकतीस वर्षं ती एकाच एन्झाइमच्या मागे होती.
सशाच्या मांडीतून काढलेलं प्रोटीन कायनेज.
त्याचं काम एवढंच :
एटीपीच्या शेपटीचा शेवटचा फॉस्फेट तोडायचा
आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या अंगावर
टिळ्यासारखा लावून मोकळं व्हायचं.

मी नवखी. विचारलं,
ते चालू कसं होतं हे शोधताय का?
ती म्हणाली, चालू व्हायचं ते कधीच झालंय.
गप्प कसं बसतं ते विचार.

मग हातमोज्याच्या मागच्या बाजूवर
पेनाने काढून दाखवलं तिने.
कायनेजला बिलगून एक जोडीदार बसलेला,
आपल्याच अंगाचा तुकडा
त्याच्या तोंडात कोंबून.
दिसायला हुबेहूब घास,
फक्त टिळा जिथे लागायचा
तिथे भलताच कुणी उभा.
चावता येत नाही, थुंकता येत नाही.
रिकामी चोखणी चघळत
पोर झोपून राहतं तसं ते राहतं.

सात नळ्या होत्या त्या रात्री.
पहिली दोन मिनिटांनी थांबवायची, दुसरी चार,
सातवी चौदा.
काचेसारख्या जाड पडद्याआड
किरणोत्सारी फॉस्फेट, बाजूला कटकटणारा मोजणीयंत्राचा काटा.
सहावी मी थांबवली.
सातवी तिच्या हातात होती
तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला.

एर्ची, तिचा भाऊ.
खेकड्यांचे पिंजरे उचलायला सकाळी
आर्ब्रोथहून निघालेली त्याची बोट
धुक्यात परत आलेली नव्हती.

नेटा रिसीव्हर धरून उभी.
तिच्या आत काय चाललं असेल
हे सांगणारी पोथी तिनेच मला शिकवली होती :
भीती पेशीच्या आत येतच नाही,
दाराची कडी वाजवते फक्त.
आतून सायक्लिक एएमपी धावतात,
दोन या जोडीदाराच्या कुशीत, दोन त्याच्या,
आणि जोडीदार आपला तुकडा काढून घेतो.
सुटलं.
टिळ्यावर टिळे.
यकृताची कोठारं उघडतात,
रक्तात साखर, पळ पळ म्हणत.
पळायला त्या तळघरात
फ्रीझर आणि सिंक यांच्यामध्ये
चार पावलं जागा.

दुसरा फोन पाऊण तासाने आला.
एर्ची मॉन्ट्रोजला लागला होता,
धक्क्यावर बसून बटाट्याचे काप खात होता,
रेडिओ बिघडला म्हणाला.
नेटाने त्याला एक शिवी हासडली,
तिचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही.

पण गुडघे थांबेनात.
बातमी तिला पोचली होती,
गुडघ्यांना पोचायची होती.
आत कुठेतरी एकेक टिळा पुसत
फॉस्फेटेज हिंडत असणार,
सण आटोपल्यावर
रांगोळी झाडणाऱ्या बाईसारखी,
जिला घाई करायला कुणी सांगत नाही.

मी चहात दोन चमचे साखर घातली.
नको, म्हणाली ती,
आधीच पुष्कळ आहे अंगात.
आणि हसली, आणि कप बशीवर वाजत राहिला.

सातवी नळी तोवर तशीच.
चौदाऐवजी त्रेपन्न मिनिटं.
फिल्मवर सहा करड्या रेघा चढत गेलेल्या,
पुढे एक काळा डाग, कडेने ओघळलेला.
आकडेमोडीला निरुपयोगी.
वहीत तिने लिहिलं :
"सात. थांबवली नाही. एर्ची."

ती निवृत्त झाली त्या दिवशी
मी ती फिल्म मागितली.
दिली नाही.
स्वयंपाकघराच्या तावदानावर चिकटवलीय म्हणे.
एर्ची रविवारी जेवायला येतो
आणि विचारतो, हे काय गं?
सहा रेघांतून समोरची बाग दिसते,
सातवीतून काहीच नाही.